ड्रायव्हरमधलं रिफॅक्टरिंग तपासताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या काही जेट्यांवर आमच्या पाणीपातळी मोजणाऱ्या पेट्या बसवलेल्या आहेत. आत लिनक्सवर चालणारा छोटा बोर्ड, खाली पाण्यात दाबाचा सेन्सर, वर सोलर पॅनल आणि बॅटरी. सेन्सरचा ड्रायव्हर, म्हणजे कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) बसून सेन्सरच्या चिपशी बोलणारा कोड, आम्ही मित्रमंडळी सांभाळतो. आता त्यात हात घालायला नवी मुलं-मुली येतायत, बरीचशी इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजांतली. कोड लिहायला सगळे तयार असतात, दुसऱ्याचा कोड तपासायला मात्र हात आखडतात. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून हे पान. रिफॅक्टरिंग म्हणजे वागणूक न बदलता कोडची मांडणी बदलणं, आणि पॅच म्हणजे तपासायला पाठवलेला बदल. फंक्शनांची आणि पर्यायांची नावं आपण बोलताना घेतो तशीच लिहिली आहेत.

पॅचवर लिहिलंय, ‘वागणुकीत काहीही बदल नाही’. मग तपासायचं काय?

तेच वाक्य तपासायचं. नवी सोय आली की ती चालते का हे करून बघता येतं. रिफॅक्टरिंगचा दावा असा की काहीच घडलेलं नाही, आणि तो करून बघता येत नाही. सगळ्या वाटा चालून पाहाव्या लागतात, एरवी कोणी फिरकत नाही त्यासुद्धा.

मे महिन्यात कौलारू घर शाकारतात तसं आहे हे. फुटकी कौलं काढली, कुजलेल्या रिपा बदलल्या, घर तेच राहिलं. जाणता माणूस एका वेळी एकच पाखं उतरवतो, आणि काम नीट झालं का हे वरून बघून कळत नाही, पावसाची सर आल्यावर कळतं. ड्रायव्हरच्या बाबतीत ती सर म्हणजे मेमरी न मिळणं, केबल सुटणं, प्रोब (ड्रायव्हर चिपशी जोडला जाताना चालणारं फंक्शन) अर्ध्यात फसणं, नको त्या क्षणी इंटरप्ट (चिपने प्रोसेसरला मारलेली हाक) येणं. टेबलावर, कोरड्या हवेत, चांगल्या अडॅप्टरवर जुना आणि नवा कोड दोन्ही सारखेच चालतात.

शिवाय ड्रायव्हरचा करार एका अशा पक्षाशी असतो जो कोडमध्ये कुठेच नाही: ती चिप. दोन ओळींची अदलाबदल सी भाषेच्या दृष्टीने निरुपद्रवी असेल, चिपच्या दृष्टीने नसेल. आणि साध्या ॲपमध्ये चूक झाली तर ॲप मरतं, कर्नलमध्ये झाली तर सगळा बोर्ड बसतो. मग कोणाला तरी स्टँडवरून एसटी पकडून जेटीवर जावं लागतं.

पॅच हातात आला की सुरुवात कुठून करू?

कोड उघडू नका. आधी कमिटचा (गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात नोंदलेल्या बदलाचा) मजकूर वाचा आणि एकच शोधा: हे का केलं? ‘कोड स्वच्छ केला’ हे कारण नव्हे. ‘याच चिपचा नवा प्रकार येतोय, दोघांचं वाचन एकाच फंक्शनातून व्हावं म्हणून आधी ते वेगळं काढलं’ हे कारण आहे. ‘सबसिस्टमने (कर्नलच्या त्या विभागाने) जुनी पद्धत बंद केली’ हेही आहे. ‘पुढचा बग दुरुस्त करताना ही दीडशे ओळींची गुंतवळ आड येतेय’ हे तर उत्तम. कारण नसेल तर तिथेच थांबा आणि विचारा. चालत्या ड्रायव्हरला विनाकारण हात लावू देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्यावरून माझी थट्टा होते, होऊ दे.

त्यानंतर जुना कोड वाचा, पॅच न लावता. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि थेट डिफच्या लाल-हिरव्या (काढलेल्या-घातलेल्या) ओळी बघायला लागतात. जुन्या कोडमध्ये एखादी ओळ विचित्र दिसली, उदाहरणार्थ एकच रजिस्टर (चिपमधला वाचता-लिहिता येणारा छोटा कप्पा) लागोपाठ दोनदा वाचलेलं, तर गिट ब्लेम करून ती कधी आणि का आली ते बघा. विचित्र ओळींमागे अनेकदा कोणाची तरी वाया गेलेली रात्र असते. कारण सापडलं तर नव्या कोडमध्ये ती ओळ शिल्लक आहे का, आणि आता तरी तिच्यावर टिप्पणी लिहिली आहे का, हे बघा.

एकाच पॅचमध्ये हजारभर ओळी बदलल्या आहेत. कसा वाचू?

वाचू नका, परत पाठवा. त्यात अपमान काही नाही. कर्नलच्या कामाचा रिवाजच आहे की एका पॅचमध्ये एकच तर्कसंगत बदल असावा. नाव बदलणं एका पॅचमध्ये, फंक्शन दुसऱ्या जागी हलवणं दुसऱ्यात, हलवलेल्या फंक्शनमध्ये सुधारणा तिसऱ्यात. हलवणं आणि बदलणं एकत्र आलं की डिफ निरुपयोगी होतो: जुनं सगळं लाल, नवं सगळं हिरवं, आणि मधे बदललेली एक अट कोणाच्या बापाला दिसत नाही.

प्रत्येक पायरीवर ड्रायव्हर कंपाइल झाला पाहिजे आणि चाललाही पाहिजे. नाहीतर सहा महिन्यांनी कोणी गिट बायसेक्ट (बिघाड कोणत्या कमिटने आला ते निम्मं-निम्मं करत शोधणं) लावेल तेव्हा तो मधल्याच मोडक्या कमिटवर अडकेल.

पायऱ्या पडल्या की काम हलकं होतं. नुसतं हलवलेलं असेल तर गिट डिफला ‘कलर-मूव्ह्ड’ पर्याय द्या, जसंच्या तसं हललेलं वेगळ्या रंगात दिसतं आणि नजर उरलेल्या ओळींवर जाते. नुसती नावं बदलली असतील तर त्याहून पक्की युक्ती आहे: आधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल होऊन येणारी) डीबग माहितीशिवाय बनवा आणि डिसअसेंब्ली (मशीन कोडचं वाचता येणारं रूप) ताडून बघा. स्थानिक व्हेरिएबलचं नाव बदलल्याने मशीन कोड बदलत नाही. बदलला असेल तर तिथे नावापेक्षा जास्त काही झालंय. पॅचची दुसरी आवृत्ती आली की गिट रेंज-डिफ वापरा, सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागत नाही.

रिफॅक्टरिंग करताना जुना बग सापडला. त्याच पॅचमध्ये दुरुस्त केला तर?

नको. दुरुस्ती वेगळी, आणि मालिकेत सगळ्यात आधी. स्थिर शाखांमध्ये (आधी निघालेल्या कर्नल आवृत्त्या सांभाळतात तिथे) मुख्यतः दुरुस्त्याच जातात, आणि तिथल्या नियमाप्रमाणे असा पॅच आजूबाजूच्या ओळींसकट शंभर ओळींहून मोठा नसावा. दुरुस्ती रिफॅक्टरिंगच्या पाठीवर बसवली तर जुन्या कर्नलवर चालणाऱ्या पेटीला ती देताच येत नाही. ‘फिक्सेस’ ची ओळ लिहून मूळ चुकीच्या कमिटचा पहिल्या बारा अक्षरांचा आयडी द्या.

डिफमध्ये दिसत नाही असं नेमकं काय शोधायचं?

क्रम. मला विचाराल तर अर्ध्याहून अधिक वेळ यावर घालवा.

प्रोब फंक्शन घ्या. जुन्या कोडमध्ये आधी बफर (आकडे ठेवायची मेमरी), मग म्यूटेक्सची (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या लॉकची) तयारी, मग चिप रिसेट, आणि सगळ्यात शेवटी इंटरप्टची नोंदणी. नव्या कोडमध्ये ‘संसाधनं मागणं एका ठिकाणी आणलं’ म्हणून इंटरप्टची नोंदणी वर गेली. दिसायला सुबक. पण नोंदणी होताच हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारं फंक्शन) धावू शकतो, पुढच्या ओळीची वाट तो बघत नाही. टेबलावर हे घडत नाही कारण चिप नुकतीच चालू झालेली असते आणि गप्प असते. जेटीवर काय होतं? पावसात ढग राहिले, बोर्डाचा पुरवठा क्षणभर खाली गेला, बोर्ड रिसेट झाला. सेन्सर मात्र वेगळ्या रेग्युलेटरवर जागाच होता आणि त्याने इंटरप्टची तार आधीच ओढून धरलेली आहे. नोंदणी झाली त्याच क्षणी हँडलर धावला, बफर अजून नाही, आणि खेळ संपला.

आता उलटी बाजू, काढून टाकण्याची. डेव्ह-एम घराण्याची फंक्शनं कर्नलमध्ये २००७ पासून आहेत. त्यांनी घेतलेलं सगळं ड्रायव्हर सुटताना आपोआप परत जातं, घेतल्याच्या उलट क्रमाने. म्हणून रिफॅक्टरिंगचा सगळ्यात लाडका प्रकार म्हणजे ‘डेव्ह-एम वर नेलं, तीस ओळी वाचल्या’. ओळी वाचतात हे खरं. पण हे आपोआप परत जाणं रिमूव्ह फंक्शन (प्रोबच्या उलटं, ड्रायव्हर सुटताना चालणारं) संपल्यानंतर घडतं. इंटरप्ट डेव्ह-एम वर नेला आणि बफर मात्र रिमूव्हमध्ये हाताने सोडायचा ठेवला, तर मधे एक फट राहते: बफर गेला, इंटरप्ट अजून जिवंत.

वर्कक्यूचंही (नंतर करायच्या कामांच्या रांगेचंही) तसंच. रिमूव्हमध्ये ‘कॅन्सल-वर्क-सिंक’ केलं, काम थांबलं, आणि त्यानंतर अजून न सुटलेल्या इंटरप्टने तेच काम पुन्हा रांगेत टाकलं. जुना कोड आधी इंटरप्ट सोडायचा, मग काम थांबवायचा. तो क्रम कोणी लिहून ठेवला नव्हता, पण पाळला जात होता.

यासाठी माझी पद्धत साधी आहे. कागद घ्या. डावीकडे प्रोबमध्ये काय काय घेतलं ते वरून खाली, उजवीकडे रिमूव्ह आणि त्यानंतरची आपोआप सुटका खालून वर. दोन बाजू एकमेकांच्या आरशातल्या हव्यात. जिथे आरसा तुटतो तिथे प्रश्न लिहा. अर्धं डेव्ह-एम आणि अर्धं हाताने अशी खिचडी दिसली तर ‘सगळं किंवा काहीच नाही’ असं सुचवा.

गोटू दिसला. कॉलेजात तर सांगितलं होतं की गोटू वाईट.

कर्नलमध्ये एरर झाल्यावर आवरतं घेण्यासाठी गोटू (लेबल लावलेल्या ओळीवर थेट उडी मारणारी सी ची आज्ञा) ही जुनी, मान्य रीत आहे. लेबलांची उतरंड प्रोबच्या उलट क्रमाने असते आणि ती वाचायला सोपी असते. ती मोडून एकात एक पाच इफ घालणारा पॅच सुधारणा नव्हे.

२०२३ मध्ये, कर्नल ६.५ च्या सुमारास, स्कोप (कंसांतला कोडचा तुकडा) संपला की आपोआप आवरणारी ‘गार्ड’ आणि ‘फ्री’ ची सोय कर्नलमध्ये आली. चांगली आहे. पण एकाच फंक्शनमध्ये गोटू आणि ही सोय दोन्ही मिसळू नयेत असं कर्नलचं स्वतःचंच सांगणं आहे. अर्धवट बदललेलं फंक्शन आलं तर परत पाठवा.

एरर कोड बदलले तर काय फरक पडतो? एरर तो एररच.

पडतो. आमच्या पेटीत सेन्सरला वीज देणारा रेग्युलेटर कधी आधी तयार होतो, कधी नंतर. तयार नसेल तर तो ‘ई-प्रोब-डिफर’ देतो, म्हणजे ‘आत्ता नाही, थोड्या वेळाने पुन्हा ये’. प्रोबने तो कोड जसाच्या तसा वर पाठवला तर कर्नल पुन्हा प्रयत्न करतं. रिफॅक्टरिंग करताना कोणी सगळ्या अपयशांना एकच ‘ई-नो-डेव्ह’ दिला, तर कर्नल समजतं की डिव्हाइसच नाही, आणि पुन्हा कधी विचारत नाही. दहापैकी आठ वेळा बोर्ड नीट सुरू होईल आणि दोनदा सेन्सर गायब. असला बग शोधणं म्हणजे छळ. म्हणून प्रत्येक ‘रिटर्न’ जुन्या कोडशी ताडून बघा.

लॉकच्या बाबतीत काय बघू?

नवं हेल्पर फंक्शन काढलेलं असेल तर त्याला कोण कोण बोलावतं ते सगळं शोधा. जुन्या कोडमध्ये आय-टू-सी वरचं (सेन्सरला बोर्डाशी जोडणाऱ्या दोन तारांच्या बसवरचं) वाचन म्यूटेक्सखाली होतं, तिथे झोपायला (प्रोसेसर सोडून थांबायला) परवानगी आहे. तेच हेल्पर आता स्पिनलॉक (न झोपता वाट बघायला लावणारं लॉक) धरलेल्या जागेवरूनही बोलावलं जात असेल तर गडबड: आय-टू-सी चा व्यवहार झोपू शकतो आणि स्पिनलॉक धरून झोपायचं नसतं. मेमरी मागतानाही तेच, ‘जी-एफ-पी-कर्नल’ झोपू शकतं, ‘जी-एफ-पी-ॲटॉमिक’ नाही. डिफमध्ये हेल्परचा गाभा निर्दोष दिसतो, दोष बोलावणाऱ्याच्या जागेत असतो.

इंटरप्टचंही बघा. आय-टू-सी सेन्सरचा हँडलर सहसा थ्रेडेड (वेगळ्या थ्रेडमध्ये चालणारा, झोपू शकणारा) असावा लागतो. पहिला हँडलर रिकामा ठेवला असेल तर ‘वन-शॉट’ चा झेंडा (हँडलर संपेपर्यंत इंटरप्ट बंद ठेवणारा) हवाच, नसेल तर सहसा नोंदणीच नाकारली जाते. ‘झेंडे नीटनेटके केले’ म्हणणाऱ्या पॅचमध्ये तो गळलेला असू शकतो.

लॉकडेप चालू ठेवून चालवा. तो लॉकांचा क्रम लक्षात ठेवतो आणि अडकायच्या आधीच ओरडतो. पण ज्या वाटेवरून कोड गेलाच नाही तिच्याबद्दल तो काही सांगू शकत नाही.

रजिस्टर दोनदा वाचलं जातंय, म्हणून एकदाच वाचून व्हेरिएबलमध्ये ठेवलं. याला काय हरकत?

साध्या मेमरीत काही नाही, हार्डवेअरमध्ये असू शकते. काही स्टेटस रजिस्टरं वाचली की पुसली जातात. काहींना पहिलं वाचन फक्त ताजं मूल्य पकडण्यासाठी लागतं आणि खरं उत्तर दुसऱ्या वाचनात मिळतं. पीसीआय बसवर (प्रोसेसर आणि कार्डं यांना जोडणाऱ्या वाटेवर) लिहिलेलं मूल्य वाटेत रेंगाळू शकतं, म्हणून लिहिल्यानंतर लगेच केलेलं ‘निरर्थक’ वाचन ते चिपपर्यंत पोचवण्यासाठी असतं. त्याचं उत्तर कोणी वापरत नाही म्हणून ते काढून टाकणारे पॅच येतात. रजिस्टर वाचणाऱ्या ‘रीड-एल’ च्या जागी ‘रीड-एल-रिलॅक्स्ड’ आलेलं दिसलं तर कारण विचारा; क्रमाची हमी त्यात कमी असते. अशा वेळी निकाल डेटाशीट (चिपच्या कंपनीचं माहितीपत्रक) देते, आपला अंदाज देत नाही.

थांबण्याच्या वेळा बदलल्या आहेत. एक-दोन मिलिसेकंदांनी काय होतं?

या प्रश्नाला मी नेहमी एकच उदाहरण देतो. दाबाच्या सेन्सरला आधी ‘मोज’ अशी आज्ञा द्यायची, मोजणी होईपर्यंत थांबायचं, मग तीन बाइट वाचायचे. समजा चिपला जास्तीत जास्त नऊ मिलिसेकंद लागतात. जुन्या कोडमध्ये ‘एम-स्लीप’ ५, म्हणजे पाच मिलिसेकंदांची झोप, लिहिलंय. डेटाशीटप्रमाणे हे चूकच, पण ड्रायव्हर वर्षानुवर्षं बरोबर चालतोय.

कारण एम-स्लीप घड्याळाच्या टिकटिकीवर चालतं. कर्नलचा एचझेड (सेकंदाला किती टिक) १०० असेल तर एक टिक दहा मिलिसेकंदांची, आणि वीसहून कमी सांगितलेली झोप बऱ्याचदा वीसच्या आसपास लांबते. म्हणजे पाच सांगून दहा-वीस मिळत होते. आता कोणी चांगल्या हेतूने, कर्नलच्या सल्ल्याप्रमाणेच, लहान विलंबासाठी ‘यू-स्लीप-रेंज’ लावलं, ५००० ते ६००० मायक्रोसेकंद. हे खरोखरच पाच-सहा मिलिसेकंद थांबतं. मोजणी अर्धीच झालेली असते, आणि अशा काही चिपा वेळेआधी वाचल्या की शून्य देतात. एरर नाही, नुसतं शून्य. वरच्या प्रोग्रामला वाटतं खाडी आटली.

जुन्या आणि नव्या ओळीत आकडा तोच आहे, म्हणून ही चूक डोळ्यांना दिसत नाही. विलंबाची ओळ दिसली की जुना आकडा बाजूला ठेवा आणि डेटाशीटमधला कमाल वेळ शोधा, नेहमीचा नव्हे, कमाल. कमी तापमान, कमी व्होल्टेज, जास्त अचूकतेची सेटिंग यांनी तो बदलतो.

बाहेरून दिसणारं काय काय बदलू नये?

सिस-एफ-एस (ड्रायव्हरची मूल्यं फाइलींच्या रूपात दाखवणारी कर्नलची सोय) मधली फाइलींची नावं, एककं, मॉड्यूल पॅरामीटरांची नावं, डिव्हाइस ट्रीमधली (बोर्डावर काय जोडलंय त्या यादीतली) ‘कंपॅटिबल’ अक्षरं. ‘यूजरस्पेस (कर्नलबाहेर चालणारे प्रोग्राम) मोडायची नाही’ हा लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांचा हट्ट जगजाहीर आहे, आणि तो लहान ड्रायव्हरलाही लागू आहे.

एककांकडे विशेष बघा. आय-आय-ओ या सेन्सरांच्या सबसिस्टममध्ये दाबाचं एकक किलोपास्कल ठरलेलं आहे, डेटाशीटा मात्र बऱ्याचदा मिलिबारमध्ये बोलतात. गणित ‘सोपं’ करताना दहाचा एक भागाकार गळला की समुद्राच्या पाण्यात दर मीटरला साधारण दहा किलोपास्कल वाढणारा दाब शंभराने वाढताना दिसतो. पूर्णांकांच्या गणितात भागाकार आधी की गुणाकार आधी, हेही हाताने दोन-तीन मूल्यं घालून बघा.

माझ्याकडे ते हार्डवेअर नाही. मग मी तपासू शकतो का?

शकता, आणि तपासाच. वर सांगितलेलं बहुतेक सगळं वाचूनच सापडतं. यंत्राकडून करून घ्यायचं ते असं: स्पार्स आणि स्मॅच (कोड न चालवता चुका शोधणारी साधनं) चालवा, स्पार्स बाइटक्रमाच्या चुका पकडतं. कासान आणि केमेमलीक (मेमरीचा चुकीचा वापर आणि गळती पकडणारे) चालू केलेलं कर्नल बनवा. आय-टू-सी स्टब मॉड्यूल साध्या रजिस्टरांचं सोंग घेतं. वेळेचं सोंग घेत नाही, हे लक्षात ठेवा. बाइंड आणि अनबाइंड या सिस-एफ-एस फाइलींतून ड्रायव्हर शेकडो वेळा लावा-सोडा. फॉल्ट इंजेक्शनने मेमरी मुद्दाम नाकारायला लावा, एररच्या वाटा तेव्हाच उजेडात येतात. इंटरप्ट सामायिक असेल तर ‘डीबग-शेअर्ड-आयआरक्यू’ पर्याय हँडलर सोडण्याच्या ऐन आधी एक खोटा इंटरप्ट सोडतो. मघाशी सांगितलेली रिमूव्हनंतरची फट तो बरोबर पकडतो.

फक्त ‘टेस्टेड-बाय’ लिहू नका. ते ज्याने खऱ्या चिपवर चालवलं त्यानेच लिहायचं. कंपाइल करून बघणं म्हणजे टेस्ट नव्हे.

हार्डवेअर आहे. जेटीवर किती वेळ चालवून बघायचं?

दहा मिनिटं पाणी बघून उपयोग नाही. आपल्याकडे दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचं अंतर असतं. निदान एक पूर्ण भरती-ओहोटी जाऊ द्या, आणि जमलं तर एक उधाण (सगळ्यात मोठी भरती) आणि एक भांग (सगळ्यात लहान), म्हणजे मूल्यांचा सगळा पल्ला पाहून होतो. जुना आणि नवा ड्रायव्हर दोन पेट्यांवर शेजारी शेजारी चालवून नोंदी ताडल्या तर उत्तमच.

मधे केबल उपटा, परत लावा. खाऱ्या हवेत कनेक्टर हिरवे पडतात आणि संपर्क तुटक होतो, हे इथलं रोजचं आहे. बोर्ड सस्पेंड करून जागा करा. वीज अर्ध्यात तोडा.

जून ते सप्टेंबर नवा ड्रायव्हर बाहेरच्या पेट्यांवर चढवायचा नाही, हा आमचा नियम. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते म्हणून काही जणांना वाटतं, जेटी मोकळी, हीच वेळ बरी. पण वारा, विजा आणि शेवाळलेल्या पायऱ्या बघता पेटी उघडायला जाणारा माणूस महत्त्वाचा. पावसाळ्यात वाचन करा, घरात बसून.

चेकपॅचने, म्हणजे कोडची लेखनशैली तपासणाऱ्या स्क्रिप्टने, पन्नास सूचना दिल्या. सगळ्या दुरुस्त करून घेऊ?

नव्या ओळींवरच्या घ्या. जुन्या ओळींवरच्या सोडा.

कॉक्सिनेलने किंवा एआयने केलेला बदल असेल तर?

कॉक्सिनेल (एकाच नियमाने अनेक जागा बदलणारं साधन) वापरलं असेल तर सिमँटिक पॅचचा, म्हणजे त्या नियमाचा, मजकूर कमिटमध्ये मागा. नियम एकदा नीट वाचला की शंभर जागा एकाच न्यायाने तपासता येतात, मग अपवादाच्या जागा तेवढ्या डोळ्यांनी बघायच्या. एआयने केलेल्यात तसा नियम नसतो. ओळ न् ओळ वाचा, आणि पाठवणाऱ्याला ‘हा क्रम का?’ असा एक तरी प्रश्न विचारा. उत्तर त्याचं स्वतःचं नसेल तर पॅच थांबवा. सही त्याची आहे.

सीनियरच्या पॅचमध्ये चूक दिसली. बोलायचं कसं?

सरळ. ‘दादा, ३१२ व्या ओळीवर इंटरप्टची नोंदणी बफरच्या आधी झालीय. चिप आधीच जागी असेल तर हँडलरला रिकामा पॉइंटर मिळेल ना?’ इतकं पुरे. ओळ, परिस्थिती, परिणाम. ‘मला कदाचित कळलं नसेल पण’ अशी चार वाक्यांची प्रस्तावना नको, आणि ‘हे काय लिहिलंय’ हेही नको. आमच्याकडे तोंडावर फटकळ बोलायची रीत आहे, पण लेखी आलं की तेच वाक्य दुप्पट कडू लागतं.

अडवणारी हरकत आणि किरकोळ सूचना वेगळ्या ठेवा. नावावरून वाद घालत बसलात तर लॉकचा मुद्दा त्यात बुडतो. आणि चांगलं दिसलं तर तेही लिहा, त्याला पैसे पडत नाहीत.

‘रिव्ह्यूड-बाय’ लिहिलं की मी कशाला बांधला जातो?

कर्नलच्या नियमांत याचा अर्थ लिहिलेला आहे: तुम्ही तांत्रिक तपासणी केली, दिसलेल्या अडचणी पाठवणाऱ्याला सांगितल्या आणि त्याच्या उत्तराने तुमचं समाधान झालं, हा बदल कर्नलमध्ये यावा असं तुम्हाला वाटतं आणि त्यात ज्ञात दोष नाही. हमी मात्र तुम्ही देत नाही. अर्धाच भाग पाहिला असेल तर तसं स्पष्ट लिहा: ‘इंटरप्टचा भाग पाहिला, गणित पाहिलेलं नाही’. ते आम्हाला कोऱ्या सहीपेक्षा जास्त उपयोगी पडतं. ‘ॲक्ड-बाय’ वेगळं, त्यात संमती आहे, सखोल तपासणीचा दावा नाही.

उत्तर येत नाहीये. आठवण कधी करू?

निदान आठवडाभर थांबा. कर्नलच्या मर्ज विंडोचे (नवे बदल मुख्य कर्नलमध्ये घ्यायचे) दोन आठवडे चालू असतील तर आणखी थांबा, सांभाळणारे तेव्हा गळ्यापर्यंत बुडालेले असतात. गणपतीत आमच्याकडूनही उत्तराची अपेक्षा नको. नवी आवृत्ती पाठवताना काय बदललं ते तीन आडव्या रेघांच्या खाली लिहा, म्हणजे ते कमिटच्या मजकुरात जात नाही.

रेंज नसते, लाईट जाते. अशात रिव्ह्यू कसा करायचा?

पॅच म्हणजे साधा मजकूर असतो, काही केबींचा. रेंज असेल तेव्हा बी-फोरने (मेलिंग लिस्टवरचे पॅच उतरवणाऱ्या साधनाने) पूर्ण मालिका उतरवून घ्या, कर्नलचा गिट साठा आधीच मशीनवर ठेवा, आणि गिट ए-एम ने वेगळ्या शाखेवर चढवा. पुढचं सगळं ऑफलाइन होतं, डेटाशीटची पीडीएफसुद्धा उतरवून ठेवली असेल तर. कंपाइल लाईट असताना उरका, वाचन बॅटरीवर करा. टिप्पण्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवा आणि रेंज आली की पाठवा.